चौकोनी कंसातलं वाक्य

३ जून
चि. गुंड्यास,
अ. उ. आ. तुझा निबंध मिळाला. चष्मा पुसून संदर्भांची यादी पुन्हा पुन्हा वाचली. ग्रंथ लिहिणाऱ्या जुन्या वैद्यांचं नाव आहे, प्रकाशकाचंही आहे. मी कुठेच नाही. अरे, त्या वैद्यांची भाषा तुला कधीपासून यायला लागली? त्या लिपीतलं एक अक्षर तुला ओळखता येत नाही. मान मोडून मी तो ग्रंथ आपल्या भाषेत आणला, आणि तू उतारेच्या उतारे असे दिलेस, जणू वैद्यबुवा तुझ्याशी ओसरीवर बसून गप्पा मारत होते. तुझ्या आईला सांगू नकोस, पण मला फार लागलं.
लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.
तुझी मावशी

१४ जून
ती. मावशीस,
सा. न. वि. वि. रागावू नकोस गं. विभागप्रमुखच म्हणाले की सख्ख्या मावशीचं नाव दिसलं तर घरचाच कारभार वाटेल, मूळ लेखक पुरे. या निबंधावर माझी नोकरी कायम व्हायची आहे, म्हणून मी मान डोलावली. निवड समितीतल्या बाईंना तर वैद्यांचं एक वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं: रोग्याने सांगितलेलं दुखणं आधी खरं मानावं, मग तपासावं. माझा सगळा निबंध त्यावरच उभा आहे. पुढच्या वेळी तुझं नाव नक्की घालतो.
माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
गुंड्या

२२ जून
चि. गुंड्यास,
अ. उ. आ. डोक्याला हात लावून बसले आहे. ते वाक्य वैद्यांचं नाही, माझं आहे. मूळ हस्तलिखितात तिथला मजकूर वाळवीने खाल्ला आहे. मागचं-पुढचं जुळावं म्हणून मी अंदाजाने एक वाक्य घातलं आणि चौकोनी कंसात ठेवलं. असे कंस म्हणजे अनुवादकाची भर, हे प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलंय. ती तू उघडलीसुद्धा नाहीस, आणि अनुवादकच नको म्हटल्यावर कंसही उडवून टाकलेस! ती भाषा जाणणारं इथे दुसरं कोणी नाही, आणि मी कुठे बोलणार नाही. काय करायचं ते तुझं तू ठरव. माझं तर डोकंच चालेनासं झालंय.
रागातसुद्धा आशीर्वाद आहेतच.
मावशी

९ ऑगस्ट
ती. मावशीस,
सा. न. वि. वि. आधी तुझ्यावरच चिडलो, कुणी सांगितलं होतं भर घालायला म्हणून. मग स्वतःवर. शेवटी ज्या नियतकालिकात निबंध छापून आला त्याच्या संपादकांना खरं ते कळवलं. विभागप्रमुख भडकले, तुला कुणी विचारलं होतं का म्हणाले. समितीने नोकरीचा विषय बेमुदत पुढे ढकलला. घरी रोज सगळे विचारतात.
नवा अंक सोबत पाठवतोय. शेवटच्या पानावर, बारीक टायपात, ‘चूक-दुरुस्ती’ या मथळ्याखाली बघ. ते वाक्य अनुवादिकेचं आहे असं छापलंय, आणि पुढे तुझं पूर्ण नाव. इतकी वर्षं सगळे तुझं पुस्तक वापरतात मावशी, आणि त्या पुस्तकाबाहेर तुझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते माझी चूक म्हणून.
लोभ असू दे म्हणायला आज हात धजत नाही.
गुंड्या