गार पडलेलं पाऊल

कोल्हार,
एप्रिल १९७४

प्रिय गहिनीनाथ,

व्याही म्हणून 'अहो' लिहायला बसलो होतो; पण बोर्डिंगात माझ्या ताटातली भाकरी पळवणाऱ्याला 'अहो' म्हणताना हात अडखळला. तेव्हा हे जुनंच 'प्रिय' गोड मानून घे.

तू लिहितोस, 'देवाच्या कृपेने पाय वाचला.' म्हणजे तुझ्या लेकीने घरी काही सांगितलेलं दिसत नाही. देवाचा वाटा देवाला देऊ, पण आधी ऐक. मुंबईच्या डॉक्टरांनी माझा उजवा गुडघा काढून तिथे विलायती बिजागरी बसवली. काम झकास झालं. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि जो येई तो पायाशी वाके. 'पाया पडू नका' असं मी साप्ताहिकात वर्षानुवर्षं लिहितोय. लोक वाचतात, आणि छान लिहिलंत म्हणून पाया पडतात! शेवटी मी दोन्ही पावलं चादरीत घट्ट गुंडाळून घेतली. नर्सबाई सोडायला आल्या, तर थंडी वाजते अशी थाप मारली. पोटरीत कळा येत होत्या. बिजागरी रुळत असेल म्हणून दात आवळून पडून राहिलो.

दुपारी छबू डबा घेऊन आली. पाचवा महिना, तरी वाकली आणि चादरीत हात घातलाच. मी खेकसलो, "सूनबाई, माझा दगडाचा देव करू नकोस!" ती म्हणाली, "मामंजी, दगूड तर झालाच हाय. ह्यो पाय लई गार लागतोय." तिने चादर ओढून काढली. पाऊल पांढरंफटक, बोटं हलेनात. मी म्हटलं, पट्टी आवळली असेल. "पट्टी गुडघ्याला हाय, डोक्याला न्हाई!" असं मला सुनावून ती धावली आणि डॉक्टरांना जेवणावरून उठवून घेऊन आली. मला असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली. लागेना. पायाला रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती. म्हणाले, लगेच काढतो, पण उशीर झाला असेल तर पाय मांडीतून जाईल. गहिन्या, माझी जीभ तुला ठाऊक आहे. तिने एवढंच म्हटलं, 'काढा.' जांघेत चीर देऊन, बारीक नळी सारून त्यांनी गुठळी ओढून काढली. शुद्धीवर आलो तर छबू पाऊल हातात धरून बसलेली. "मामंजी, पाय ऊन झाला!" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. समोरच्या खाटेवरच्या पेशंटने टाळ्या पिटल्या.

आता पत्राचं कारण. नात सव्वा महिन्याची झाली. तू म्हणतोस, तुम्ही त्रास घेऊ नका, मायलेकींना मीच आणून सोडतो. खबरदार! सुनेला आणायला सासरा जात नाही, ही रीत मला माहीत आहे. मोडतो. रविवारी पुणतांब्याला गाडीतून उतरेन. स्टेशनवर बैलगाडी पाठवलीस तर तिच्यात माझं सामान ठेवू. मी तिच्यापुढे चालत येणार. गावात कुणी विचारलं, पाहुणा कोण, तर सांग: आमच्या छबूने वाचवलेला पाय येतोय, आणि त्याच्याबरोबर तिचा सासरा.

तुझाच,
राधाकृष्ण