एक लांब, दोन आखूड

सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

कॅबिनेट ७९ युरो, मदरबोर्ड १३९, प्रोसेसर १६५, रॅमच्या दोन पट्ट्या ५८, सगळी प्रणाली आधीच भरलेली डिस्क ६२, पॉवर सप्लाय ७५, आणि सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घासाघीस करून ११०. झाले ६८८. तुर्कूला जाण्यायेण्याचं पेट्रोल २२, दुकानाशेजारी कॉफी आणि वेलचीपाव ७. म्हणजे खरी किंमत ७१७ युरो. हेल्वीला सांगितलेली किंमत शून्य. म्हणालो, कंपनी विकली तेव्हाचे सुटे भाग पडून आहेत, त्यातूनच जुळवतोय. ती म्हणाली, मग हरकत नाही, दानधर्म मला चालत नाही.

कोइवुनिएमीत राहायला येऊन आज नववा दिवस. जागा झकास आहे. दुसरा मजला, उन्हाची बाजू, बाल्कनीतून खाडी दिसते आणि बंद पडलेल्या गोदीची ती एक क्रेन. सौनाची, म्हणजे तळघरातल्या सामायिक वाफेच्या खोलीची, पाळी गुरुवारी सहाला मिळाली, म्हणजे आल्याआल्या मानाची. ती दिली हेल्वीने. हेल्वी रुओहोला सोसायटीची अध्यक्ष आहे, वय एकाहत्तर, माझ्या बरोब्बर खाली राहते. पहिल्याच दिवशी नियमांचा कागद घेऊन वर आली, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, अरे, तू तर कान!

गोदीत मला सगळे 'कान'च म्हणायचे. आर्मास हे नाव फक्त पगाराच्या पाकिटावर. मोटार नुसती ऐकून मी तिची कुठली बेअरिंग जाणार ते सांगायचो. तीस पावलांवरून, कॉम्प्रेसर धडधडत असताना, कुणाच्या हातून स्क्रू पडला तेही सांगायचो. याच कानांवर आणि दोन हातांवर धंदा उभा केला. एका व्हॅनवर सुरुवात आणि शेवटी चव्वेचाळीस माणसं पगारावर. पस्तीस वर्षांत एक वायर चुकीच्या जागी लावली नाही. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं.

हेल्वीचा नवरा ओइवा गोदीत वेल्डर होता. अठ्ठ्याऐंशी साली जहाजाच्या टाकीत वेल्डिंगचा गॅस साठून गुदमरून गेला. त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला मी होतो. चौकशी रीतसर झाली. कॉम्प्रेसर चालू होता, कुणालाच काही ऐकू आलं नाही, असं ठरलं. हेल्वीने मला कधी बोल लावला नाही. मी इथे समुद्रासाठी आलो.

तर, तिचा कॉम्प्युटर गेला आहे. वाचनालयाने तिची जुनी व्हिडिओ कॅसेट एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. जहाज पाण्यात सोडल्याचा समारंभ, त्यात ओइवा वीसेक सेकंद दिसतो, बोलतोही. येत्या दोन तारखेला मृतांचा शनिवार. कबरीवर मेणबत्त्या लावायला जायच्या आधी तिला तो बघायचा आहे. मी शब्द दिला. दुकानातून आयता आणायला मी काय बँकेतला साहेब आहे?

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सकाळी नऊला बसलो, दीडपर्यंत जुळवणी पूर्ण. वायरी अशा बांधल्या आहेत की बघणाऱ्याने टोपी काढावी. हेल्वीचाच मॉनिटर वर आणून जोडला आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा. त्यावर बारीक अक्षरात, सिग्नल नाही.

मग आतून आवाज आला. एक लांब, दोन आखूड. जरा थांबून पुन्हा. पुन्हा. तीनदा झालं आणि बंद.

नव्या यंत्राने आपलं दुखणं असं सांगायची पद्धत आहे. माहितीपत्रकात बघितलं, एक लांब दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्डची तक्रार. रोग कळला म्हणजे अर्धं काम झालं.

हेल्वी कॉफीला आली होती. हात लावून म्हणाली, पंखा छान केलास रे, वाराही चांगला लागतोय. कॉम्प्युटर कधी करणार? मी म्हणालो, अध्यक्षबाई, धीर धरा. ती म्हणाली, धीर धरायची मला सवय आहे.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

दुकानात फोन केला. एक बाई बोलली, आवाज तरुण, घसा बसलेला. पहिलाच प्रश्न, मॉनिटरची वायर कार्डात लावलीय ना, मदरबोर्डात तर नाही? म्हणे तुमच्या प्रोसेसरला स्वतःहून चित्र काढता येत नाही. मी तिला सांगितलं, पोरी, तू जन्माला यायच्या आधीपासून मी वायरी लावतोय. ती म्हणाली, सगळे हेच म्हणतात, तरी एकदा बघा. मी बघितलं नाही. माणसाला काही अब्रू असते.

कार्ड काढून पुन्हा बसवलं. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी काढून पाच मिनिटांनी लावली. रॅमची एक पट्टी ठेवून पाहिलं, मग दुसरी. पडदा काळा तो काळाच. आवाज तोच. तीनदा.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज कार्ड पूर्ण बाहेर काढलं. रॅमही काढली. आता तक्रार बदलायला हवी, कारण प्रत्येक भागाची खूण वेगळी असते. बदलली नाही.

आणि कान लावून ऐकलं तर ती शिट्टी नाही. शिट्टीला सुरुवात आणि शेवट सारखाच असतो. याचा लांब आवाज खरवडल्यासारखा आहे. जाड पत्र्यावरून लोखंड ओढल्यासारखा. आखूड दोन म्हणजे ठोके.

दुपारी दार वाजलं. एक लांब नखांची खरवड, दोन ठोके. माझ्या हातातून स्क्रू सुटले. दारात हेल्वी, पाव घेऊन. मी विचारलं, हे असं का वाजवलंस? ती हसायला लागली. म्हणाली, आमच्या घरची खूण आहे ती, तुम्हा गोदीवाल्यांचीच की! ओइवा संडासातला कागद संपला की भिंतीवर असंच करायचा. बाहेर काढा, बाहेर काढा! मी मुद्दाम दोनदा ऐकू आलं नाही असं दाखवायची. तिसऱ्यांदा जायची. इतक्या शिव्या द्यायचा!

मीही हसलो. पाव तसाच बाजूला ठेवला.

तिला विचारलं, आवाज येतोय का कसला? तिने मान वाकडी करून ऐकलं. म्हणाली, पंख्याचा.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

पुन्हा दुकानात फोन. तीच बाई. आवाज ओळखून म्हणाली, बघितलीत का वायर? मी म्हटलं, ते सोड, हा आवाज बंद कसा करायचा ते सांग. कसला आवाज, म्हणाली. सांगितलं. तिने माझं बिल शोधून काढलं. मग म्हणाली, काका, तुम्ही घेतलेल्या बोर्डावर आवाजाची सोयच नाही. त्याला छोटा स्पीकर वेगळा लावावा लागतो, शर्टाच्या बटणाएवढा, दोन वायरींचा. तुमच्या बिलात तो नाही.

टॉर्च घेऊन बघितलं. स्पीकर असं लिहिलेल्या चार पिना आहेत. चारही मोकळ्या.

मी बघत असतानाच वाजलं. तीनदा.

बुधवार, ३० ऑक्टोबर

भिंतीतली पिन काढली. पंखे थांबले.

बाराला दहा कमी होते. वाजलं.

अठ्ठ्याऐंशी साली, त्या दिवशीही बाराला दहा कमी होते.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सौनाला गेलो नाही. बंद लाकडी दाराच्या आत बसवलं नसतं. सातला हेल्वी वर आली, पाळी फुकट घालवलीस म्हणून ओरडायला. माझं तोंड बघून खुर्ची ओढून बसली. शेजारी कॅबिनेट उघडं पडलेलं, सगळे भाग टेबलावर मांडलेले.

ती म्हणाली, तू आजारी पडशील अशाने, राहू दे ते यंत्र. मग तिने टेबलावरचा एक स्क्रू उचलला, बोटांत फिरवत राहिली आणि विचारलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आर्मास, तुझ्याएवढे कान गोदीत कुणाचे नव्हते. राग नाही माझा. मरायच्या आधी एवढंच कळू दे, त्याने ठोकलं होतं का? का झोपेत गेल्यासारखा गेला?

मी म्हणालो, नाही ठोकलं. शांतपणे गेला.

ती म्हणाली, बरं झालं. आणि माझ्या हातावर हात ठेवला. याच हातावर.

ती जिना उतरेपर्यंत तीनदा वाजलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लिहून टाकतो. कुठेतरी लिहिलेलं असावं —

टाकीच्या तोंडाशी नव्हतो. फोरमनच्या खोपटात होतो, तीस पावलांवर. फोनवर. व्हॅनचा सौदा चालला होता, माझ्या पहिल्या व्हॅनचा. माणूस चार हजार मार्कांवर अडला होता. मी साडेतीनवर.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा वाटलं, झालंच, एक मिनिट.

दुसऱ्यांदा तो म्हणाला, तीन हजार आठशे.

तिसऱ्यांदा — हलकं होतं ते. खरवड अर्ध्यात. कॉम्प्रेसरमधूनही आलं मला. दुसऱ्या कुणाला आलं नसतं. मला आलं.

तीन हजार सहाशेला पटला सौदा. मग गेलो.

चौथ्यांदा वाजलं नव्हतं. रोज हेही तीनदाच वाजतं. मी रोज चौथ्याची वाट बघतो —

हेल्वी दाराबाहेरून म्हणाली, उद्या झालं तर ठीक, नाहीतर नाही. दार उघडलं नाही मी.

शनिवार, २ नोव्हेंबर

सकाळी सगळं पुन्हा जुळवलं. काळाच पडदा.

दीडला हेल्वी बससाठी निघाली. मेणबत्त्यांची पिशवी, गळ्यात लोकरीचा मफलर. मी जिन्यात उभा. म्हणाली, तोंड पाडू नकोस रे. चारला परत येते, तेव्हा बघू. छत्तीस वर्षं थांबलाय तो, अडीच तास आणखी थांबेल.

बस गेलेली बाल्कनीतून बघितली.

२.१०

वाजलं. तीनदा. मी गुडघ्यावर बसून यंत्राच्या मागे कान लावला. आवाज यंत्रातून नाही. कधीच यंत्रातून नव्हता.

पण तिथे बसल्यावर मागची बाजू समोर आली.

वायर बघितली. काढली. चार बोटं खाली, कार्डात लावली.

पडदा उजळला. स्वच्छ. निळा. सगळे भाग एकेक करून दाखवतंय, सगळे ठीक. चित्र केव्हापासून तयार होतं. मीच —

२.२५

पेन ड्राइव्ह लावून बघितला. ओइवा आहे. टोपी मागे सरकवून हसतोय. कॅमेऱ्याला म्हणतो, कानाला विचारा, त्याला सगळं ऐकू येतं.

बंद केलं. बंद होत नाही. पुन्हा तेच म्हणतो.

२.४०

हेल्वी, ही वही टेबलावर उघडी ठेवतोय. दाराला कडी लावलेली नाही. परवा खोटं बोललो. चौकशीतही. ठोकलं होतं त्याने. तीनदा. मी ऐकलं होतं. भाग पडून नव्हते, तेही खोटं, विकत आणले —

दार.

एक लांब. खालपासून वर, सावकाश.

तू चारला येणार आहेस. आता तीनही वाजले नाहीत. बाल्कनीतून रस्ता दिसतो, रस्त्यावर कुणी नाही.

दोन आखूड.

हे चौथं.

या वेळी उठतो मी. उघडतो. एवढं लिहून —

हेल्वी, कॉम्प्युटर चालू आहे. त्यात बिघाड नव्हताच. वायर पहिल्या दिवसापासून चुकीच्या भोकात होती, आणि ती मीच लाव