य ला काना

बाई,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, तरी शाळा उघडायच्या दिवशी तुमची आठवण येतेच. प्रेमानं येते असं समजू नका. दाढ ठणकावी तशी येते, आणि मग दिवसभर जीभ तिथंच जाते. आजही शाळा उघडली. तुमच्या वेळी उघडायची म्हणजे घंटेचे टोल आणि दारात रूळ घेऊन उभ्या तुम्ही. आता मोठा थाट असतो. सजवलेल्या बैलगाडीतून पोरांना मिरवत आणतात, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर ठसे घेतात, सरपंच फुगे वाटतात आणि फोटो निघाले की आपापल्या गाडीत बसून जातात. मग मागं उरते मी आणि रडणारी पोरं. ऊन मात्र तुमच्या वेळचंच आहे, जून संपत आला तरी वरचे पत्रे तापलेले. हो, मीही पहिलीच शिकवते. मागून घेतलेला वर्ग आहे. बाकीच्या मॅडम पहिली म्हटलं की नाक मुरडतात, शेंबूड पुसा, चड्ड्या बदला, कोण करणार. मी तो वर्ग कोणाला देत नाही. यात तुमचा आदर्शबिदर्श शोधू नका. पहिलीच्या पहिल्या दिवशी एक बाई किती नासधूस करू शकते हे मला ठाऊक आहे, म्हणून तो दिवस मी दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवत नाही, एवढंच.

माझा पहिला दिवस तुम्ही जन्मभर किस्सा म्हणून सांगितलात. तो तुमच्या बाजूचा. माझ्या बाजूनं तो असा की, आमच्या बंजारा तांड्यापासून गावापर्यंत आई मला पाठुंगळी घेऊन आली. (बघा, हे लिहितानाही 'आई'च लिहिते आहे.) तिला पुढं पाटलाच्या वावरात सरकी टोबायला जायचं होतं. तिनं मला दारातून आत ढकललं, तिच्या कांचळीला, भिंगं लावलेल्या चोळीला, माझा हात गुंतला होता तो सोडवला आणि मागं न बघता चालू लागली. मी खिडकीशी धावले. तिची पाठ दिसत होती आणि मी गळा काढून ओरडत होते, "याडी! याडी!" आमच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. दुसरा शब्द मला माहीतच नव्हता. तुम्ही फळ्यावर 'शुभेच्छा' लिहीत होतात. खडू थांबला. तुम्ही वळलात.

"कोणाला येडी म्हणतेस गं?"

मला तुमच्या बोलण्यातला तो एकच शब्द ओळखीचा वाटला. मी खिडकीकडं बोट केलं आणि तुमच्याकडं बघून मान डोलावली, याडी, याडी, ती बघा चालली. पुढच्या रांगेतला एक पोरगा ओरडला, "बाई, थे तुमालेच म्हणून राह्यली!" आणि तुम्ही माझ्या कानशिलात वाजवलीत. तोपर्यंत मला कोणी मारलं नव्हतं असं नाही, पण रडून आईला हाक मारली म्हणून कोणी मारलं नव्हतं. वर्गात तांड्यावरची आणखी दोन पोरं होती. त्यांना सगळं कळलं होतं. ती खाली मान घालून पाटी पुसत बसली, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांचेही कान त्यांना हवे होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला बोलावलंत. तिला वाटलं पोरीनं काही मोडलं. ती दारातच हात जोडून उभी राहिली. तुम्ही तक्रार सांगितलीत, पोरगी मला येडी म्हणते. आईला अर्धंच समजलं असणार. ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नाही बाई. तुमाले नाही. मलेच याडी म्हणते."

"घरीसुद्धा? आणि तुम्ही ऐकून घेता?"

"मंग काय म्हणीन? याडीले याडीच म्हणते ना."

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून गेले. तुम्हीही हसलात. पोरं हसतायत म्हणून आईही हसली, तिला वाटलं प्रकरण मिटलं. मग तुम्ही मला उभं केलंत. "आजपासून आई म्हणायचं. म्हण. आ. ई." मी म्हटलं. "मोठ्यानं. तिच्याकडं बघून." मी तिच्याकडं बघून 'आई' म्हटलं. ती तशीच उभी, हसरं तोंड घेऊन, तिला कळलंच नाही की हाक तिला आहे. तेव्हा तुम्ही तिच्यावर खेकसलात, "अहो, तुम्हाला हाक मारतेय ती. ओ द्या की!" आणि माझी आई, जिच्या एका आरोळीनं वावरातलं रानडुक्कर पळायचं, ती एवढ्याशा आवाजात म्हणाली, "ओ." त्या संध्याकाळी तिनं घरी सांगून टाकलं, बाई म्हणते तसंच म्हण, घरी एक न् शाळेत एक म्हटलं तर चुकशील. मी शहाणी पोर होते. पुन्हा चुकले नाही. पण तिला तो शब्द शेवटपर्यंत लागला नाही. 'आई' अशी हाक मारली की ती पहिल्या वेळी ऐकायचीच नाही, दुसऱ्या हाकेला दचकून ओ द्यायची.

मी मात्र येडी झाले. तुमच्या तोंडून 'ए येडे, फळा पूस', 'येडे, पुढं ये वाच', आणि तुमच्या तोंडून निघालं ते गावानं उचललं. तुम्ही मला वाचायला फार चांगलं शिकवलंत, हे नाकारणार नाही. तापलेल्या पत्र्याखाली माझा हात हातात धरून तुम्ही अक्षर गिरवून घ्यायचात, तुमच्या हाताला चंदनी साबणाचा वास असायचा. आज माझ्या फळ्याचे फोटो इतर शाळांतले शिक्षक मागून घेतात. ते वळण तुमचं आहे. हे पत्रही तुमच्याच अक्षरात उतरतंय आणि त्याचा मला संताप येतो, पण हात तोडून तर टाकता येत नाही.

तिसरीत असताना दिग्रसकडचे एक नवे गुरुजी आले, ते स्वतः तांड्यावरचे. मधल्या सुट्टीत तुम्ही मला येडे म्हणून हाक मारलीत तेव्हा त्यांनी कारण विचारलं आणि ऐकून गंभीर झाले. "बाई, याडी म्हणजे आई हो." मी तिथंच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. मला वाटलं आता तुमचा चेहरा पडेल. निदान पडावा. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगंबाई! मग तेव्हाच सांगायचं नाही का गं, येडे?"

सहा वर्षांच्या पोरीनं सांगायचं होतं, बाई. तुम्हाला. मराठीत.

तुम्ही सेवानिवृत्त झालात तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. पांढरकवड्याला मंगल कार्यालयात समारंभ होता, शाल, श्रीफळ, मसालेभात. तुम्ही भाषणात तो किस्सा सांगितलात, आईच्या आवाजाची नक्कल करून. "याडीले याडीच म्हणते ना!" हॉल हसून लोळला. मग मला स्टेजवर बोलावलंत, "हीच ती आमची येडी, बघा, आज शिक्षिका आहे!" आणि तुम्हाला मिळालेला नारळ माझ्या ओटीत घातलात. टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कारही केला, कारण मला नीट वळण लावलेलं होतं, तुम्हीच. नारळ घरी नेला. आईनं विचारलं कोणी दिला. बाईंनी, म्हटलं. तिला आनंद झाला. "बाई चांगली हाय," ती म्हणाली, "तिनंच तुले मानसात आणलं." तिनं तो फोडला, गूळ घालून शेजारपाजारी वाटला आणि उरलेला स्वतः खाल्ला.

काही वर्षांनी ती आजारी पडली. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात शेवटचे दिवस काढले. एका दुपारी ती डोळे उघडेना. नर्स म्हणाली, "आवाज द्या तिला, जवळच्या माणसाचा आवाज ऐकते पेशंट." मी खाटेवर वाकून 'आई, आई' म्हटलं. त्या वॉर्डात सगळ्याच आया होत्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी 'ओ' म्हणाली. माझी बोलली नाही, पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्याही नाही. कोणती हाक मारायला हवी होती हे मला पक्कं माहीत होतं. शब्द जिभेवर आला होता. पण नर्स मागं उभी होती, इतर पेशंटांचे दोन-चार नातेवाईक बघत होते, आणि मी, दोन लेकरांची आई, पगारदार बाई, मला भीती वाटली की ही माणसं म्हणतील, मरायला टेकलेल्या आईला येडी म्हणते. मी 'आई'च म्हणत राहिले. संध्याकाळी नर्सनं चादर ओढली.

तुमच्या घरी मी आले ती त्यानंतर. तुमची तब्येत विचारायला आले नव्हते. तुम्हाला हे सगळं तोंडावर सांगायचं होतं, एकेक शब्द घोळवून आणला होता. सूनबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "ओळखत नाहीत हो कोणालाच. दूधवाल्यालासुद्धा आई म्हणतात." तुम्ही पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसला होतात, केस कापलेले, गाऊनची बटणं वरखाली लागलेली. येडी, बाई. अगदी खरोखरची. देव न्याय करतो असं मला वाटलं आणि बरं वाटलं. सूनबाई चहा टाकायला गेल्या. तुम्ही माझा पदर धरलात आणि म्हणालात, "आई, मला शाळेत नको ना पाठवू. बाई मारतात."

एवढं ऐकून कोणाचंही काळीज हललं असतं. माझंही हललं. पण आधी मी पदर सोडवून घेतला.

"आई नाही," मी म्हटलं. "याडी म्हणा."

"येडी?" तुम्ही म्हणालात.

"येडी नाही. नीट उच्चार काढा. य ला काना, या. ड ला दीर्घ वेलांटी, डी. म्हणा."

तुम्ही म्हणून पाहिलंत. पुन्हा चुकलात. मी पुन्हा म्हणवून घेतलं, मोठ्यानं, माझ्याकडं बघून. तुम्ही रडायला लागलात, पहिल्या दिवशीची पोरं रडतात तसं, नाक वाहू देत, आणि तरी मी थांबले नाही. शेवटी बरोबर आलं. "याडी," तुम्ही म्हणालात, "याडी, मला नको पाठवू." सूनबाई चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, अगंबाई, रडतायत का? मी म्हटलं, जुनी आठवण निघाली. चहा प्यायले आणि बस पकडली. महिना-दोन महिन्यांत तुम्ही गेल्याचं कळलं. शोकसभेत मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायानं सगळे भरभरून बोलले. मी बोलले नाही. मला पश्चात्ताप होत नव्हता आणि आजही होत नाही.

आता आजचं सांगते. पहिल्या दिवशी मी आधी एकच गोष्ट विचारते, घरी आईला काय म्हणता? जो शब्द येईल तो फळ्यावर लिहिते. आई, माय, अम्मी, कोलामाच्या पोरीचा शब्द मला नीट ऐकू येईतो तिच्याकडून वदवून घेते, आणि एक जागा याडीसाठी राखून ठेवते. तुमच्या नाकावर टिच्चून. आज तांड्यावरची एक पोरगी खिडकीला लटकून रडत होती. मी खडू घेऊन तयार होते, उराशी धरायचं, म्हणायचं, हो गं बाळा, याडी येईल. तिनं तोंड उघडलं आणि ओरडली, "मम्मी!" तांड्यावर आता सगळी मम्मीच म्हणतात. फळ्यावरची जागा रिकामीच राहिली. गेल्या वर्षीही राहिली होती. तुम्ही जिंकलात म्हणा हवं तर, तुम्हाला कळायचं नाही आता.

पोरं घरी गेली आहेत. ठसे घेऊन उरलेल्या कागदावर हे लिहिलं, कोपऱ्यात कोणाच्या तरी लाल अंगठ्याचा डाग आहे. टाकायचं कुठं? उद्या डब्याखाली अंथरीन, तेल झिरपतं.

एकच राहिलं. माझ्या लेकरांना मी शुद्ध मराठीत वाढवलं, ती मला आई म्हणतात. माझ्या आईला मी आई म्हटलं. या जगात मला याडी म्हणून हाक मारणारं माणूस एकच झालं, आणि ते तुम्ही. सूनबाईंची पावलं वाजायच्या आत, तुमचं नाक माझ्या पदरानं पुसत, मी ओ दिली होती.