बाबांच्या गिनी कोंबड्या गप्प का बसल्या

ती. आझुंपोकाताई हिला,

धाकट्या भावाचा, म्हणजे अदोंबिरेचा, दारात उकिडवं बसून नमस्कार. तू कशी आहेस, दाजींचा गुडघा कसा आहे, घर कसं आहे, घरातली माणसं, दुकान, दुकानातल्या शिलाईच्या मशिनी, शेजारची ती दात दुखणारी बाई आणि तिचा तो दात, सगळं ठीक आहे ना? माझी लेक लारिबा शिवण नीट शिकते आहे ना? इकडे पाऊस बरा झाला, बाजरीला कणसं आली, तुझी भावजय तालाता बरी आहे. मीही बरा आहे असं लिहिणार होतो, पण परवापासून मी बरा नाही. ताप नाही, पोटाचं काही नाही. नुसता बसून राहतो आणि मधेच "अकरा वर्षं" म्हणतो. काल पाचवीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहितानाही तोंडातून निघून गेलं, तर पोरांनी तेच उत्तर समजून वह्यांत उतरवून घेतलं. (उत्तर सदतीस होतं.)

फोनवर हे सांगण्यासारखं नाही. गावात फोन लागतो तो फक्त गोरखचिंचेखाली, आणि तिथे सकाळपासून अर्धं गाव बसलेलं असतं. मी "हॅलो" म्हणालो की पलीकडून तू काय म्हणालीस ते मला नंतर कळतं, त्यांना आधी कळतं.

तुला सगळं माहीत आहे, तरी मुळापासून सांगतो; हेडमास्तराला मधूनच सुरुवात करता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी आपली एक गिनी कोंबडी अतांपुग्रे म्हाताऱ्याच्या बाजरीत जाऊन अंडी घालत होती. (या जातीला घरात अंडी घालायला कमीपणा वाटतो. खुराड्यात कितीही मऊ गवत अंथरा, ती परक्याचंच शेत शोधणार.) एकोणीस अंडी निघाली. बाबा म्हणाले, कोंबडी माझी. अतांपुग्रे म्हणाला, शेत माझं. दोघांनी एकेक अंडं हातात घेऊन गावाला दाखवलं, आणि माणसाचा हात लागल्यावर ती कोंबडी त्या घरट्याकडे परत फिरकलीच नाही. पंच बसेपर्यंत अंडी सडली. तरी दोघांनी पंचांसमोर शपथ घेतली की, या घरच्या माणसानं त्या घरच्या माणसाशी बोलायचं नाही, त्यांच्या अंगणातून जायचं नाही. पाण्याचा पंप नेमका त्यांच्या भिंतीमागे. तेव्हापासून तालाता डोक्यावर घमेलं घेऊन खडकाला वळसा घालून जाते आणि वळसा घालून येते. बाबांनी कोंबड्या विकून टाकल्या, आणि अतांपुग्रेचं नाव आपल्या घरात कुणी घेतलं नाही.

मागच्या वर्षी त्याच अतांपुग्रेचा नातू अबेलिंगा, त्याच्यासाठी लारिबाला मागणी घालायला त्यांची माणसं मागणीचा कोला, त्या कडू बिया, घेऊन दारात आली, तेव्हा मी त्यांना बसूही दिलं नाही. कोला परत केला. लारिबा चार दिवस जेवली नाही, मग तिला मी तुझ्याकडे पाठवलं. बाबा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. मला वाटलं, रागानं. माझा ऊर भरून आला होता ताई, बापाचा शब्द मी राखला म्हणून.

आता कोंबड्यांबद्दल. दोन वर्षांपूर्वी बाबांनी एकाएकी हट्ट धरला की पुन्हा गिनी कोंबड्या पाळायच्या. मी फायदे-तोटे कागदावर मांडून दाखवले. फायदे कबूल आहेत: गोचिडी वेचून खातात, सापाला घेराव घालून मारतात, कोंबड्यांच्या साथीत सहसा मरत नाहीत, आणि अंड्याचं कवच असं टणक की बोल्गाटांगाच्या बाजारापर्यंत सायकलवरून नेलं तरी तडा जात नाही. तोटे मात्र मी दोन पानं लिहिले होते. पिल्लं दवात भिजली की मरतात, आणि आई त्यांना मुद्दाम दवातूनच हिंडवते. म्हणून अंडी साध्या कोंबडीखाली ठेवावी लागतात. ती बिचारी वाढवते आणि एके दिवशी आपली लेकरं झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलेली पाहून खाली उभी राहते. (तिचा चेहरा बघवत नाही. परवापासून माझा तसाच आहे असं तालाता म्हणते.) आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ओरडणं. अनोळखी माणूस दिसला, ओरड. शेळी धावली, ओरड. माझी सायकल दिसली की सगळ्यांत जास्त. रोज दाणे मी टाकायचे, आणि शाळेतून घरी येताना वळणावर माझं चाक दिसलं की पत्र्यावर खडे ओतल्यासारखा तो आवाज. मी बाबांना म्हणायचो, मला ओळखतसुद्धा नाहीत या. बाबा म्हणायचे, "ओरडू दे रे. म्हाताऱ्या माणसाला कळतं, कोण येतंय ते." मला त्यात माया दिसायची.

दोन महिन्यांपासून अंडी कमी होऊ लागली. लपवलेली घरटी मी हुडकून काढतो, अंडी हात न लावता चमच्यानं उचलतो, दोन-चार आत ठेवतो म्हणजे कोंबडी पुन्हा तिथेच येते, सगळं शास्त्रशुद्ध. तरी मडक्यात साठवलेली अंडी कमीच भरायची. तालाताला विचारलं तर ती म्हणाली, "चोर आला असता तर कोंबड्यांनी गाव गोळा केलं नसतं का?" मलाही पटलं. चोर असेल तर तो कोंबड्यांच्या ओळखीचा हवा, आणि आपल्या घराबाहेरचा माणूस त्यांच्या ओळखीचा नाही. मी घरच्या कुत्र्यावर संशय घेतला. त्याला दोन दिवस बांधून ठेवलं. त्याची मी माफी मागितली आहे.

परवा दुपारी शाळेतून निघालो आणि वाटेत सायकलचं टायर फाटलं. सायकल शाळेच्या कारकुनाकडे ठेवली आणि चालत आलो. वळणावरून आलो, अंगणात आलो. एकाही कोंबडीनं तोंड उघडलं नाही. त्या सगळ्या घरामागच्या शियाच्या झाडाखाली गोळा होऊन वाळवी टिपत होत्या. वाळवी त्यांना घालत होता अतांपुग्रे. एका हातात वाळवीचं मडकं, दुसऱ्या हातात सोललेलं अंडं, आणि समोर आपले बाबा, मातीत खड्ड्यांच्या दोन रांगा करून खड्यांचा तो खेळ मांडून बसलेले. बाबा अंड्याला मीठ-मिरची लावत होते. एक अंडं स्वतःला, एक त्याला.

अतांपुग्रेनं वर बघितलं आणि तो बाबांना म्हणाला, "तुझा मास्तर आला."

बाबा म्हणाले, "सायकल कुठंय?"

ताई, बापानं मुलाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी खाली बसलो. अतांपुग्रेनं मला अंडं दिलं. ते मी खाल्लं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मग हळूहळू कळलं. भांडणानंतर आठ महिन्यांनी दोघे बोंगोच्या बाजारात ज्वारीच्या दारूच्या एकाच मडक्यापाशी भेटले आणि तिथेच हसायला लागले. तेव्हापासून रोज दुपारी, मी शाळेत आणि तालाता शेतात असताना, तो मागच्या बाजूनं येतो. दोन वर्षांपूर्वी एकदा तालाता लवकर घरी आली तेव्हा त्याला कणगीत लपावं लागलं होतं. (वय वर्षं शहात्तर.) त्यानंतर बाबांना गिनी कोंबड्यांची आठवण झाली. पिल्लं असल्यापासून त्यांना वाळवी अतांपुग्रेनंच घातली, त्यामुळे त्याला पाहून त्या गप्प. ओरडतात त्या माझ्या सायकलीला. मी दोन वर्षं दाणे टाकून माझ्यावरच पहारा ठेवला होता.

"मग सांगायचं नाही का?" मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला.

बाबा खडे वाटत म्हणाले, "सांगणार होतो. पण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनावर घेतलं होतं. तू तर शाळेत त्याच्या नातवंडांना मागच्या बाकावर बसवलंस. मग मधेच कुठं सांगू?"

"आणि लारिबा?"

तेव्हा मात्र दोघांचेही हात थांबले. अतांपुग्रे मडक्यात बघत राहिला. बाबा हळू म्हणाले, "कोला आम्हीच पाठवला होता. आम्हाला वाटलं, तू विचारशील तरी मला. तू दारातूनच परत पाठवलास."

ताई, हे खरं आहे. मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांच्या शब्दासाठी सगळं केलं आणि त्यांना एक शब्द विचारला नाही. तालाता तेवढ्यात पाणी घेऊन खडकाच्या वळणानं आली. तिनं घमेलं खाली ठेवलं, झाडाखालच्या तिघांकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "तुमच्या बाबांना सांगा, उद्यापासून पाणी ते आणतील. वाट त्यांना जवळची माहीत आहे." काल सकाळी बाबा घमेलं घेऊन खरोखर गेले. अतांपुग्रेनं पंप हापसला. सगळं गाव गोरखचिंचेखालून उठून बघायला गेलं होतं.

दाजींना नमस्कार. सोबत वीस अंडी पाठवतो आहे, उकडायला वेळ जास्त लागतो हे लक्षात ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
अदोंबिरे

ता. क. पत्र खरं म्हणजे याच्यासाठी लिहिलं. लारिबाला एकटीला बाजूला घेऊन विचार, तिच्या मनात अबेलिंगा अजून आहे का. मी विचारलं असं सांगू नकोस. किंवा सांग. असेल तर मी स्वतः कोला घेऊन त्यांच्या दारात जाईन. मुलीच्या बापानं असं जायची पद्धत नाही, पण मला आता पद्धतीचं कुणी काही सांगू नका. नसेल तर तिला म्हणावं, बाप चुकला, आणि तिला हवं तेवढं शिवण शिकू दे.

ता. क. दुसरा. हे बोल्गाटांगाच्या बसस्थानकावर लिहितो आहे. तुमच्या कुमासीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पत्र द्यायला आलो, तर स्टिअरिंगवर अबेलिंगा. आठ महिने तो याच गाडीवर आहे. मला बघून खाली उतरला, उकिडवं बसून नमस्कार केला, अंड्यांची टोपली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "आत्याबाईंच्या हातात देतो. दर शुक्रवारी जेवायला तिथेच असतो मी." पाकीट चिकटवायला डिंकही त्यानेच दिला. तेव्हा ताई, वर लिहिलेलं लारिबाला काही विचारू नकोस. एवढंच विचार, की लग्नाचा दिवस ठरला की मला कुणी कळवणार आहे का.