खडकावरची लव्हिनिया

न्यूयॉर्क, ऑक्टोबर १८५८

प्रिय थॅडियस,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसते आणि उठते. आधी इकडची हकीकत सांगते. नायगाराचं चित्र एकदाचं पुरं झालं. ब्रॉडवेवरच्या एका दालनात पडदे सोडून, गॅसच्या उजेडात ते एकटंच मांडलंय. लोक तिकीट काढून येतात, डोळ्यांना दुर्बीण लावून फेससुद्धा निरखतात. ह्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम. ते विकलं गेलं तरच आमचं म्हातारपण धड जायचं.

पण पहिल्याच दिवशी लोक हसले. पाण्याची उंची कळावी म्हणून चित्रकार काठावर एखादं माणूस काढतात, गव्हाच्या दाण्याएवढं, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यासाठी आपली लव्हिनिया खडकावर उभी राहिली आणि तू तिची टोपी सांभाळत मागे थांबलास. "बाबा, बूट भिजले माझे. धबधबा कुठं पळून जात नाही, आधी मला काढा," म्हणून ती कुरकुरत होती. फेब्रुवारीत तापानं ती गेली, आणि मग ह्यांनी दार लावून घेऊन तिच्याशिवाय दुसरं काही काढलंच नाही. लाल शाल, उडणारे केस, मान वळवून बघायची तिची ती लकब. चित्रात पोर वीतभर झाली. तिला लहान करायला ह्यांचा हात धजेना. ती मोठी होत गेली तसं मागचं पाणी खुजं होत गेलं. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "ही बया घागरा खोचून सहज पलीकडे जाईल की." हे पडद्याआड उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

बोस्टनचे एक सावकार म्हणाले, "तेवढी बाई पुसा, चित्र माझं." हे म्हणाले, "हवं तर पाणी पुसतो." मग हे जेवायलाही येईनात. वाढलेलं ताट तसंच निवायचं. शेवटी मीच म्हटलं, "पुसू नका, पण तिला लांब जाऊ द्या. एवढ्या लांबून खडकावर दिसली असती तेवढीच ठेवा."

"तू आई ना तिची?"

"म्हणूनच सांगतेय. तिच्यापायी लोक तुम्हाला हसलेले तिला खपलं नसतं."

सोमवारी ह्यांनी सुरीनं रंग खरवडला. मी त्यांचं मनगट धरलं होतं. आता चेहरा नाही, नुसता लाल ठिपका आहे. आणि थॅडियस, तो ठिपका पडला मात्र, मागचं पाणी एकदम उंच झालं. मला त्याची भीती वाटली. लोक आता टोप्या काढून उभे राहतात. हे दालनाकडे फिरकत नाहीत.

आता तुझ्या पत्राचं. डॉर्कसशी लग्न ठरवण्याआधी तू आमची परवानगी मागितलीस, हा तुझा चांगुलपणा. कर बाळा, लग्न कर, सुखी हो. माझा आशीर्वाद आहे, आणि तो मी रडत असले तरी मनापासून आहे. ह्यांना मात्र तुझं पत्र अजून दाखवलेलं नाही. लेकीला लहान करा, असं एकाच आठवड्यात दोनदा सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तुझी सासू होता होता राहिलेली,
मेहिटेबल