बंबात घुसलेली एन्थाल्पी

जांबे

गोरखदाजींना कोंडाजीचा रामराम.

न्हाई, आमच्या बंबाचं पाणी कोमट का येतंय ते तुमी इचारलेलं न्हाई, पण सांगतो. (आक्काचे गुडघे कसे हायेत? हितं समदी बरी हायेत, एक भाडेकरू सोडून.)

ह्यो निरंजन लवळ्याच्या कॉलेजात शिकवतो, आमच्या मागच्या खोलीत राहतो आन् नातीचा, जुईलीचा, बारावीचा अभ्यास घेतो. न सांगता घेतो, तितंच मला पयला संशय आला. बंबाची रीत तुमाला ठावं हाय. वरनं बादलीभर गार ओतायचं, तोटीतनं बादलीभर कढत घ्यायचं, जाताना एक लाकूड सारायचं. ह्यो माझ्या आधी आंघोळ करतो, आन् आठ दिस झाले, माझ्या बादलीत गार पाणी मिसळायची गरजच लागंना. त्याचीबी बादली कोमट असती म्हणतो. चोर आणखी काय म्हणणार? मी तोंडावर सांगितलं, माझी उष्णता तू काढून नेतोस.

तर म्हणतो कसा, "आजोबा, पाण्यात उष्णता नसतेच. जाळाकडून पाण्याकडे जाताना, तेवढ्या वाटेपुरतं तिला उष्णता म्हणायचं. पाण्यात मुरली की पाण्याची एन्थाल्पी वाढली म्हणायचं." (पाण्याच्या अंगातली ऊर्जा, आन् वरच्या हवेला रेटून जागा धरायला लागते ती, दोन्ही मिळून ही बाई. पन्नास वर्सं लाकडं मी घालतोय, ही बंबात कवा शिरली?) मी म्हटलं, बरं, एकूण किती हाय? तर एकूण सांगता येत न्हाई, वाढली-घटली तेवढीच मोजतात. लाकडानं तापवा न्हाईतर गिझरनं, पाणी तेवढंच तापलं की वाढ तेवढीच. आली कुठनं, ते पाणी सांगत न्हाई.

दाजी, वाटेत एक नाव, घरात दुसरं. कुठनं आली सांगायचं न्हाई, किती हाय सांगायचं न्हाई. अशाला आपण खोली देतो का? जुईली मात्र मान हलवत वहीत उतरून घेत होती. मी त्याला म्हटलं, रविवारी खोली सोड. गुमान व्हय म्हणाला. त्याचाबी मला संशय आला. तवापासनं जुईली माझ्याशी बोलत न्हाई, आन् परीक्षा तीन आठवड्यांवर हाय.

ता. क. काल आमच्या हिनं बंबाच्या जाळीखालनं घमेलंभर राख काढली. आज पाण्यानं पाठ भाजली. लाकूड होतं, हवेला वाट न्हवती, असं निरंजन म्हणाला असता. मी त्याला इचारलं न्हाई.

आणखी ता. क. शनिवारच्या आत निरंजनला फोन लावा, नंबर मागं लिवलाय. परीक्षेपर्यंत ऱ्हा म्हणा. कोंडाजी लई आडवा आला पण मी ऐकलं न्हाई, असंबी म्हणा. आमच्यात राख काढायचं काम कुणाकडं असतं ते आक्काला लहानपणापासनं ठावं हाय. मी सांगणार न्हाई.