कोलाला इंग्रजी कळत नाही

ती. आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यालाही, कारण घरात आधी त्याचीच चौकशी होते. ओनित्शाच्या बाजारात तुझी कापडं खपताहेत ना? इकडे आईचा खोकला बरा आहे, बाबांचा आवाज त्याहून बरा आहे आणि मी सुखरूप आहे. (कुठवर, ते पुढे येईलच.)

कोर्टातला कारकून बार्थोलोम्यू मला मागणी घालायला आला होता. माणूस वाईट नाही. भर उन्हात कोट घालतो आणि नाकातून इंग्रजी बोलतो, एवढंच. पण लग्नानंतर मी शिक्षिकेचं कॉलेज सोडायचं, हातमोजे घालायचे आणि ओबियानुजू हे नाव टाकून रोझमंड व्हायचं, असं त्याने बाबांना आधीच कळवलं होतं. बाबांनी मान डोलावली. (हातमोजे घालून यामचा कंद कसा कुटतात, हे कोणी विचारलं नाही.) माझं शेवटचं वर्ष आहे, आत्या. मला ते पुरं करायचंय.

तर पाहुण्यांपुढे कोलाची बी आली. ती फोडल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत आणि प्रार्थनेशिवाय ती फोडत नाहीत. बाबांनी मोठेपणा करून प्रार्थनेचा मान होऊ घातलेल्या जावयाला दिला आणि त्याने ती इंग्रजीत म्हटली. चांगली लांबलचक. त्यात इंग्लंडच्या राणीसाठी दीर्घायुष्यही मागून झालं. मी कोलाबरोबरची मिरचीची चटणी ठेवायला बैठकीत गेले होते. (ठेवून मुकाट्याने परत यायचं असतं, माहीत आहे.) थोरल्या इलोका आजोबांना डुलकी लागली होती. त्यांच्या कानाशी वाकून मी अगदी साळसूदपणे विचारलं, "आजोबा, कोलाला इंग्रजी कधीपासून कळायला लागलं?"

आजोबा खडबडून जागे झाले. कोलाला आपलीच भाषा कळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे प्रार्थना फुकट गेली. त्यांनी बार्थोलोम्यूला इग्बोत म्हणायला सांगितलं. त्याने टाय सैल केला, "पूर्वजांनो" एवढं म्हणाला आणि तिथेच गाडी अडली. मिशनात वाढलेला बिचारा, त्याला ती कोणी शिकवलीच नव्हती. आणि ज्याला मान दिला त्यानेच म्हणायची, यावर आजोबा अडून बसले. इथे मी गप्प राहायला हवं होतं, पण यश डोक्यात गेलं. मला सगळी येते, मी म्हणू का, असं मी विचारलं. तोवर कौतुकाने बघणाऱ्या आजोबांनी डोळे वटारले.

"कोलाला बाईचा हात लागत नाही. जा, चुलीकडे बघ."

ज्या भिंतीचा आडोसा घेतला तीच अंगावर आली. मला फार राग आला, अजून गेलेला नाही. पाहुणे कोला न खाताच उठले. बाबा म्हणतात, मी घराचं नाक कापलं. मी म्हणते, बोलणीच झाली नाहीत तर मी नकार दिला कधी? असो. तू काळजी करू नकोस.

तुझी भाची,
ओबियानुजू (अजून तरी)

ता. क. काळजी कर. बार्थोलोम्यू रोज संध्याकाळी इलोका आजोबांकडे प्रार्थना शिकायला येतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा बोलणी आहेत. आपल्या घराण्याच्या सगळ्या माहेरवाशिणी गोळा करून त्याआधी ये. तुम्ही अंगणात ठाण मांडलंत की बाबांचा आवाज आपोआप बसतो.

आणखी एक. त्याने प्रार्थना छान पाठ केलीय. काल कुंपणाआडून त्याची एक चूक मीच सुधारली. (मास्तरणीची खोड.) म्हणजे इंग्रजीचं निमित्तही गेलं. आता सगळे पुरुष माझ्याबद्दल आपल्याच भाषेत बोलतात. मला मात्र त्या भाषेतही कोणी काही विचारलेलं नाही. तू येऊन तेवढं विचार.